विहीणबाईंना चोंगछिंग दाखवण्याचा प्लॅन

२० सप्टेंबर, सकाळ
डोकं भणभणतंय. सूनबाईला तिच्या माहेरी, पार उत्तरेला हार्बिनला, नोकरी चालून आलीय. काल जेवताना तिनं सरळ सांगितलं. तिची आई इथे चोंगछिंगला राहायला आली, तर थांगथांगला सांभाळायला माणूस होईल आणि सगळे इथेच राहतील. नाही आली, तर नवरा-मुलीसकट ही हार्बिनला. मी म्हणालो, मी आहे की नातीला सांभाळायला! शाओबो, माझा मुलगा, आणखी भात वाढून घेऊ लागला. सून म्हणाली, बाबा, परवा बालवाडीच्या दारात तुम्ही भलत्याच पोरीचा हात धरून निघाला होतात. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात, त्याला मी काय करू?
विहीणबाई शहर बघायला यायचं म्हणतात. म्हणजे सगळं माझ्यावर. शहर आवडलं की थांगथांग इथेच. आणि हे शहर मला नाही तर कोणाला ठाऊक? जन्म गेला इथे.

२४ सप्टेंबर
ऑक्टोबरच्या सुट्टीच्या आठवड्यात बोलवा म्हणालो. शाओबो म्हणतो, बाबा, तेव्हा अख्खा देश इथे लोटतो. म्हटलं, म्हणूनच! रिकामं दुकान बघून कोणी आत शिरतं का? त्यानं कपाळावर हात मारला. पटलं असावं.
फाटकापाशी बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्या ग्वानला प्लॅन सांगितला. रोपवे, इमारतीच्या पोटातून जाणारी मेट्रो गाडी, होंगयातोंगच्या नदीकाठच्या माड्यांची रोषणाई, शेवटी हॉटपॉट, म्हणजे उकळत्या तिखट रश्शात बुडवून खायचं ते. ग्वान म्हणाला, यातलं तू स्वतः काय पाहिलंयस? काहीतरीच. गावातला माणूस असल्या गोष्टी पाहत नसतो. त्याला त्या माहीत असतात.

१ ऑक्टोबर
आल्या. ठेंगण्या, आवाज खणखणीत. बॅगेत हार्बिनची सॉसेजं आणि नाचायचे दोन लाल पंखे. तिकडे मैदानात नाचणाऱ्या बायकांचं पथक त्यांचंच आहे म्हणे. चहा संपायच्या आत विचारतात, व्याहीबुवा, भाजीबाजार कुठे तुमचा? बायका नाचायला कुठे जमतात? आता नाच आमच्याच इमारतीखाली चालतो, कर्णा लावून. मी त्याविरुद्ध तक्रार केलेली आहे. ते काय दाखवायचं? म्हटलं, विहीणबाई, ते होईल सावकाश, आधी शहर बघा. बालवाडीही बघायची म्हणत होत्या. बालवाडीत काय बघायचं? भिंतीवर बदकं आहेत.

२ ऑक्टोबर
रोपवे. आमच्या वेळी कारखान्यात जाताना यातूनच नदी ओलांडायचो, कोपरानं ढकलून आत शिरायचं की झालं. आज रांगेचं शेपूटच सापडेना. मोबाइलवर बुकिंग लागतं म्हणे. रांगेतली एक मुलगी म्हणाली, आजोबा, आजचं संपलं. मी म्हणालो, मी इथलाच आहे. ती म्हणाली, मग तुम्हाला माहीतच असेल. ही काय बोलायची रीत झाली?
शेवटी पुलावरून चालत गेलो. धुकं आलं. खाली नदी आहे, हे मी विहीणबाईंना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. एकूण दिवस चांगला.

३ ऑक्टोबर
इमारतीतून जाणारी गाडी. आत बसलं की इमारत दिसतच नाही, हे कोणी आधी सांगायला नको? नुसता अंधार येऊन जातो. विहीणबाई म्हणाल्या, बोगदा का हो? उतरून खाली गेलो. तिथे हजारभर माणसं आ वासून उभी. गाडी गिळतोय असा फोटो काढतात. विहीणबाई हळूच म्हणाल्या, या सगळ्यांचे दात दुखताहेत का?
परतताना सून मोबाइलवर नकाशा बघत होती. ठेव म्हटलं तो. चोंगछिंगमध्ये नकाशाच चुकतो, पायऱ्यांची जुनी वाट मला पाठ आहे. वाट होती. पायऱ्याही होत्या. वर भिंत होती, नवी. परत उतरलो. मग एका चौकातून इमारतीत शिरलो तर तो बाविसावा मजला निघाला. लिफ्टनं तळाला गेलो तर भलताच रस्ता. विहीणबाईंनी गुडघा चोळत विचारलं, इथली माणसं भाजी घेऊन घरी जातात कशी? हसलो. बाई विनोदी आहेत. शहर आवडत चाललंय.

४ ऑक्टोबर
होंगयातोंग. पुलावर गाड्या बंद करून नुसती माणसं सोडली होती. आम्ही चालत नव्हतो, वाहत होतो. तेवढ्यात बाकीचे सगळे हरवले. मी शहाण्यासारखा एका खांबाला धरून राहिलो. पोलीस म्हणाला, आजोबा, कुठले? म्हटलं, इथलाच. त्यानं कर्ण्यावरून पुकारलं, करड्या टोपीचे आजोबा, फिरायला आलेले, खांबापाशी आहेत. फिरायला आलेले!
न्यायला विहीणबाई आल्या. घरी येईपर्यंत हात सोडला नाही. थांगथांग म्हणाली, आजोबांना दोरी बांधा. पोर हुशार आहे.
रोषणाई राहिली. पण असते, एवढं त्यांना कळलं.

५ ऑक्टोबर
हॉटपॉट. सून म्हणाली, दोन खणांचं भांडं मागवू, अर्धं तिखट, अर्धं फिकं. म्हटलं, पाहुण्यापुढे फिकं ठेवायला मी काय परगावचा आहे? सगळं लालच मागवलं. विहीणबाई घाम पुसत म्हणाल्या, झकास! आणि दुसऱ्यांदा वाटी भरली. मी मोजकंच खाल्लं. डॉक्टरांनी तेवढंही नको सांगितलंय, पण डॉक्टर बाहेरगावचे आहेत.

६ ऑक्टोबर
पोट बिघडलं, माझं. विहीणबाई घरीच राहिल्या. पेज करून दिली. बाजारात जाऊन येऊ का, विचारत होत्या. नको म्हटलं, दमाल. उद्या संग्रहालय.

७ ऑक्टोबर
संग्रहालय झालं नाही.
सकाळी विहीणबाई समोर बसल्या. म्हणाल्या, व्याहीबुवा, तुमचं गाव बघण्यासारखं आहे. मैत्रिणींना वर्षभर सांगेन. पण राहायची छाती होत नाही माझी. जिथे जावं तिथे रांग, नाहीतर जिना. जन्म इथे काढलेला माणूस खांबाला धरून उभा! आणि खरं सांगू? या गावात माणसं राहतात कुठे, तेच मला दिसलं नाही.
म्हटलं, इथेच राहतात. बाजार मागच्या गल्लीत आहे. नाच खाली चालतो. बालवाडी कोपऱ्यावर.
त्या म्हणाल्या, मग मी रोज विचारत होते ते काय भिंतीला?
विमान दुपारचं होतं. गेल्या.
ऐन वेळी धुकं आलं नसतं तर वेगळं झालं असतं.

३० ऑक्टोबर
गेल्या आठवड्यात गेले तिघंही हार्बिनला. विमानतळावर थांगथांगनं विचारलं, आजोबा, तुमची बॅग कुठे?
आज फोन आला होता. शाओबो म्हणाला, बाबा, जानेवारीत या, बर्फाचे महाल असतात. विहीणबाईंनी मागून ओरडून सगळा प्लॅन सांगितला. पहिल्या दिवशी महाल, दुसऱ्या दिवशी गोठलेली नदी, तिसऱ्या दिवशी वाघ. मी विचारलं, आणि मग? सून म्हणाली, मग काय, बाबा, चार दिवस पुरतात.
बघू म्हणालो.
लोकरीचे मोजे लागतील. जानेवारी लांब आहे, पण चांगले मोजे आधीच संपतात.