थोरलीची शेपटी

३ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

दाजींना नमस्कार. तुला लांबूनच एक टपली.

तुझं पत्र मिळालं. दाजी काठी न घेता फाटकापर्यंत जाऊन आले हे वाचून आई रडली, आणि डोळे पुसून ते पत्र शेजारी वाचून दाखवायला गेली. तिचं नेहमीचंच.

माझी खोली होती तशीच आहे. टेबलावर नवीन विमानाचा पंख पडलाय, माझ्यापेक्षा लांब. आत फोम, वरून लाकडाचा पापुद्रा, मधून कार्बनची नळी. या वेळी पंखांच्या टोकांना उभ्या पट्ट्या लावल्यात, म्हणजे विमान कुशीवर पडून जाताना खाली घसरत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "चिकट्या, याला कान कशाला लावलेस?" बोटं अजून गोंदाने भरलेलीच असतात, तेव्हा नाव बदलायचं काही कारण नाही.

तुझी बातमी वाचली. पंधरा तारखेच्या रिमोटच्या विमानांच्या मेळाव्यात तू धाकटी उडवणार, मी बनवून दिलेल्या दोन विमानांतली उरलेली. थोरली पडली त्यानंतर दहा महिने तू रिमोटला हात लावला नव्हतास. आता म्हणे दाजींनीच माळ्यावरून धाकटीची पेटी काढायला लावली, आणि तेच पुन्हा तुझ्या खांद्यामागे उभे राहून पुढची कसरत सांगणार. वा. आनंद झाला.

फक्त घाई नको असं मला वाटतं. धाकटीचं इंजिन वर्षभर बसून आहे. कार्ब्युरेटरमधला पडदा कडक होतो आणि विमान वर गेल्यावर दगा देतो. पुढच्या मेळाव्यापर्यंत थांब ना. मी येऊन सगळं खोलून बघतो.

बाकी क्षेम.

तुझा,
चिकट्या

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

दाजींनी पडदा बदलला आणि तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं, हे कळलं. भूगोलाच्या मास्तरांना कार्ब्युरेटर कळायला लागला म्हणजे आम्ही आता गाशा गुंडाळावा.

काल फोनवर तू भडकलीस. चूक माझीच. तुला थांबवायला आधी वाऱ्याचं कारण काढलं, मग बॅटरीचं. "तुला माझ्या हातांचा भरवसा नाही, एवढं सरळ सांग ना," असं म्हणालीस. ताई, शपथेवर सांगतो, तसं नाही. तान्ह्या बाळाची शीर पहिल्या सुईत शोधणारी नर्स म्हणून अख्ख्या इस्पितळात तुझं नाव होतं. त्या हातांना मी नावं ठेवीन होय?

आईने सांगितलं, तू वॉर्ड सोडून रेकॉर्डच्या खोलीत फायली लावतेस. स्वतःहून मागून घेतलंस, हात थरथरतो म्हणून. मला एका शब्दाने लिहिलं नाहीस. मी तीन दिवस त्या पंखाला हात लावलेला नाही.

बरं, एक ऐक. उडवायचीच असेल तर धाकटीच्या शेपटीच्या दोन्ही भागांना एकेक स्क्रू मारून घे. आत कार्बनची नळी शिरते ना, तिथेच, मुळाशी. उगाच आपली खबरदारी. पाच मिनिटांचं काम आहे, विसरू नकोस.

वाट बघतो.

तुझा,
चिकट्या

१३ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मिशीवाल्या काकांच्या हाती देतोय. ते मेळाव्याला निघालेत, उद्या आधी तुझ्या घरी येतील. सोबत एक लांबट खोका आहे. पत्र वाचून झाल्याशिवाय तो उघडू नकोस.

"थोरलीला स्क्रू नव्हता, मग धाकटीला कशाला?" एवढं विचारून मंगळवारी तू फोन आपटलास. तेव्हापासून उचलत नाहीस. त्याच दुपारी मी तुझ्याकडे यायला बसमध्ये बसलो होतो. दुसऱ्याच थांब्यावर उतरलो. तुझ्या डोळ्यांत बघून बोलायची छाती झाली नाही. म्हणून लिहून उत्तर देतो.

गाडीत न्यायला शेपटीचे दोन भाग काढावे लागतात. सगळी दुनिया ते स्क्रूने बसवते. मी त्याऐवजी खटका शोधून काढला. टक् करून बसतो, टक् करून निघतो, चाळीस ग्रॅम वाचतात, आणि शेपटीत चाळीस वाचले की नाकातलं शंभरेक ग्रॅम वजन काढता येतं. तुला किती मिरवून दाखवला होता आठवतं? तू दहा वेळा टक् टक् करून पाहिलास आणि म्हणालीस, "माझा भाऊ हुशार आहे बाई."

थोरली पडली त्या मेळाव्याच्या आठ दिवस आधी मी थोरलीला टेबलाला बांधून इंजिन चालवून पाहिलं, हादरे सोसतात का बघायला. सहावी टाकी संपत आली तेव्हा डावा खटका तीन मिलिमीटर सरकला होता. मी तो अंगठ्याने दाबून परत बसवला. म्हटलं, टेबलावर हादरे जास्त बसतात, हवेत एवढे नसतात. म्हटलं, मेळावा होऊ दे, मग बघू. तुला सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे स्क्रू मारला असतास आणि चारचौघांत माझ्या खटक्याचं हसं झालं असतं. मला ते नको होतं. एवढ्यासाठी, ताई. एवढ्यासाठी!

थोरली सरळ उभी खाली आली आणि वर वळलीच नाही. दाजींनी तुला बाजूला ढकललं आणि ती त्यांच्या गुडघ्यावर आदळली. सगळे त्यांच्याकडे धावले. मी उलटा धावलो, विमान आलं त्या वाटेने मागे. डावी शेपटी चाळीस पावलांवर उंच गवतात पडली होती. अख्खी, एक ओरखडा नाही, खटका उघडा. म्हणजे ती हवेतच निसटली होती. मी ती जॅकेटात गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकली. मग तुमच्याकडे आलो. दाजींचं डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि तू नुसतं विचारत होतीस, "काय झालं रे? माझं काय चुकलं?" आणि मी म्हणालो, "ताई, रिमोटची दांडी उशिरा ओढलीस ग."

मी म्हणालो. दुसरं कुणीही नाही.

रोज वाटायचं, उद्या सांगू. दाजी चालायला लागल्यावर वाटलं, आता कशाला उकरून काढायचं. आई तुला "कशाला ते पुरुषांचे खेळ खेळायचे" म्हणून बोलायची तेव्हा मी शेजारी बसून जेवत होतो. मला स्वतःची शिसारी येते. पण माझं जाऊ दे चुलीत.

पाया पडतो, आधी धाकटीची शेपटी बघ. त्याच साच्यातली, तोच खटका, आणि दाजी पुन्हा तुझ्या मागेच उभे राहणार आहेत. पाकिटात दोन स्क्रू चिकटवलेत, भोक कुठे पाडायचं त्याचा मापाचा कागदही आहे. स्क्रू मारून झाल्यावर दोन्ही हातांनी शेपटी ओढून बघ, हलली तर उडवू नकोस. पण नाही हलली तर उडव. तू उडवावीस असं मला फार वाटतं, हे म्हणायचा हक्क उरला नाही तरी.

आता खोका उघड. थोरलीची डावी शेपटी आहे. दहा महिने माझ्या खोलीत फोमच्या तावांमागे होती. दाजींना दाखव, आईला दाखव, मेळाव्यात टेबलावर मांड आणि माझं नाव घेऊन सांग. या पत्रामागोमाग मी येतोय. घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. या वेळी मधेच उतरणार नाही.

शेपटीचं मागचं पातं बघ, दांडी ओढली की वर उठतं आणि विमानाचं नाक वर करतं ते. ते हलवणारी छोटी मोटर आत शेपटीतच आहे. शेपटी निसटली तेव्हा तिची वायर सुटली आणि मोटर त्या क्षणी जिथे होती तिथेच थांबली. मी तिला बोट लावलेलं नाही. पातं पूर्ण वर आहे, ताई. जिथवर जातं तिथवर वर. म्हणजे शेपटी जागेवर होती तेव्हाच तू दांडी ओढली होतीस. पूर्ण, आणि वेळेवर.

तू चिकट्या म्हणशील की नाही माहीत नाही, म्हणून खाली नाव लिहीत नाही.

तुझा भाऊ