फोटो राहील

१३ जानेवारी, शनिवार

आजचेही गेले! "घर छान आहे, कळवतो." कळवणार काही नाहीत.

जाहिरात ह्यांनी स्वतःच लिहिली, नंबरही स्वतःचाच दिला. दलाल नको म्हणजे नको! आपलं घर दुसऱ्याने काय दाखवायचं, म्हणे. गुडघ्यांमुळे ह्यांना तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं दिवाळीपासून जमलेलं नाही आणि आमच्या विक्रोळीच्या इमारतीला लिफ्ट नाही. मुलुंडला लिफ्टचं घर बघून ठेवलंय. तिथला मालक फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. त्याआधी हे विकलं गेलं नाही तर ते हातचं जाईल. ह्यांना रस्त्यावर चालताना बघायचंय मला, एवढंच.

१५ जानेवारी

कुणी आलं नाही. ह्यांची दाढी फुकट.

२० जानेवारी, शनिवार

एक गृहस्थ आले, बायकोला घेऊन. हॉल आवडला. सोफा बसेल का म्हणून खिशातून टेप काढून मोजायलाच लागले. समोरच्या भिंतीपाशी पोचले, वर बघितलं – बाबासाहेबांचा फोटो. टेप खटकन मिटली. मग ह्यांना विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालात तुमचं?" ह्यांनी सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं. पाणी किती वेळ येतं हे मात्र विचारायचं राहूनच गेलं त्यांचं.

मी आयुष्यभर नर्स होते. माणसाचा चेहरा कधी बंद होतो ते मला कळतं. नंतर ह्यांना म्हटलं, त्यांचा सोफाच मोठा असेल. हे रात्री कमीच जेवले.

२१ जानेवारी

सम्यकने ठणकावून सांगितलं – बाबा, आता एजंट गाठायचा. त्याच्या मित्राचं घर विकून दिलेली एक तेजल आहे, घाटकोपरची. हे चक्क हो म्हणाले! लेकाचं ऐकतात, माझं नाही.

२५ जानेवारी, गुरुवार

तेजल येऊन गेली. तिशीची, चुणचुणीत. कार्डावर नुसतं 'तेजल'. सोसायटीचे कागद तपासले, नळ सोडून बघितले, बाथरूमबाहेरच्या ओलीला बोट लावून बघितलं. मला आवडलीच होती. आणि जाताना हळूच म्हणाली, "काकू, घर विकलं जाईपर्यंत फोटो आत ठेवूया का? काम लवकर होईल."

संतापले मी. तुला काय कळणार, हे अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. एवढंच म्हटलं, "फोटो राहील. घर राहिलं तर राहिलं." ती थोडा वेळ फोटोकडे बघत उभी राहिली, मग चपला घालून निघून गेली. असल्याच सगळ्या!

२६ जानेवारी

फोटोला नवा हार घातला. मुद्दाम मोठा आणला.

२८ जानेवारी, रविवार

तेजलचा फोन. मला वाटलं, काम सोडतेय. तर तिने जाहिरातीत सगळ्यात वर त्या भिंतीचंच छायाचित्र टाकलंय, हारासकट! "ज्यांना नको ते येणारच नाहीत, काकू."

८ फेब्रुवारी, गुरुवार

तेव्हापासून एकही माणूस फिरकलेला नाही. हे म्हणतात, हिने आपली वाट लावली. मलाही धाकधूक. शेवटी फोन केला – चौकशा तरी येतायत का? "येतात ना. मला येतात." काय विचारतात? "ते जाऊ द्या, काकू."

दुपारभर तेच डोक्यात. वॉर्डात आम्ही तरी नातेवाइकांना सगळं कुठे सांगायचो? मला वाटायचं, एजंटला पैसे द्यायचे ते घर दाखवण्याचे. आधी प्रत्येक नकार तीन जिने चढून यायचा, आमच्या सोफ्यावर बसायचा, चहा पिऊन जायचा. आता तो तिच्या कानापाशीच थांबतो. ह्यांना पूर्ण नाव विचारलेलं मी इतक्या दिवसांत ऐकलेलं नाही. घर नाही विकलं गेलं तरी एवढ्यासाठी तिचे पैसे द्यावेत, असं वाटून गेलं. मग मुलुंड आठवलं आणि कॅलेंडरवर फेब्रुवारीचे उरलेले दिवस मोजले.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आले! शर्मिष्ठा आणि मुकुल, नवरा-बायको, दोघंही नोकरी करणारे. हॉलमध्ये बसले, फोटोकडे बघितलं, पुन्हा आमच्याकडे बघितलं, चेहरे होते तसेच. मग बाथरूमबाहेरची ओल धरली ती सोडेचनात. कधीपासून आहे, वरच्यांशी बोललात का, रंग कशाला मारलात. इतका आनंद झाला मला! कुणीतरी आमच्या भिंतीवरची ओल बघितली!

तेजलने ह्यांना आधीच दम दिला होता – काका, खूश झालात तरी दाखवायचं नाही. तरी हे, ते दोघं मागतील तेवढी किंमत कमी करायला निघाले होते! तिने ह्यांना बोलूच दिलं नाही. ओलीच्या दुरुस्तीपुरतं सोडलं, बाकी ढिम्म हलली नाही.

४ मार्च, सोमवार

रजिस्ट्रेशन झालं. मुलुंडच्या मालकाला मुदतीनंतरही तिनेच थोपवून धरलं होतं, हे आज कळलं. आम्हाला बोललीसुद्धा नाही.

३१ मार्च, रविवार

राहायला आलो. पहिला खिळा फोटोचा.

संध्याकाळी हे लिफ्टने एकटेच खाली गेले. मी खिडकीतून बघत होते. हळूहळू कोपऱ्यापर्यंत गेले आणि कोथिंबीर घेऊन आले. घरात ढीगभर होती. मी तीही निवडायला घेतली. डोळे भरून आले होते.

७ एप्रिल, रविवार

तेजल पेढे घेऊन आली. दारात चपला काढल्या आणि सरळ फोटोसमोर जाऊन हात जोडून उभी राहिली. मग वळून म्हणाली, "जयभीम, काकू."

मी तिला आडनाव कधी विचारलं नव्हतं. विचारणाऱ्यांचा राग यायचा ना! न विचारताच सगळं ठरवून टाकलं होतं मी.

ह्यांनी विचारलं, "तुझ्या ऑफिसात लावलायस का गं फोटो?"

"घरी आहे, काका," ती म्हणाली. "ऑफिसात नाही."