मोज्याची टाच, पान एकशे बारा

ताई,

चहा गाळून ठेवलाय. मी विद्यापीठात पळतेय. तुझ्या बाळाचा दुसरा मोजा अडला होता, कारण टाच विणायच्या कृतीचा कागद सापडत नव्हता. आत्ता सापडला. सरांनी तपासून दिलेल्या माझ्या प्रबंधात, पान एकशे बारा! ‘दोन सुलट, दोन उलट, मग टाच वळवा.’ खाली सरांची सही आणि लाल शाईत ‘उत्तम विवेचन’. तू म्हणशील, “घे, आणखी विणत बस!” म्हण बापडी. पण बाकीच्या दोनशे पानांवरही ‘उत्तम विवेचन’च आहे गं, आणि त्याच्या जोरावर मी आज प्रबंध दाखल करणार होते. आता सरांना म्हणणार आहे, पहिल्या पानापासून माझ्यासमोर बसून वाचा. जेवायला माझी वाट बघू नकोस.

धाकटी