होकार देण्याआधी

धावडा
१६ जानेवारी २०२५

लाडक्या अक्षूस,
अनेक आशीर्वाद. तिळाचे लाडू पोचले. दोन फुटले होते, तेच आधी खाल्ले. फोन केला असता, पण तुझ्या फोनला आईचा कान चिकटलेला असतो.

मी बरी आहे. आरोग्य केंद्रातर्फे सध्या दारूवर गावोगाव बैठका घेते. सगळ्या पिणाऱ्यांना एकच भाषण देऊन उपयोग नसतो, हे आता पटलंय. कुणी सणावारापुरता पितो, कुणी अंग मोडून आलं म्हणून, कुणी दोस्तांच्या आग्रहाला बळी पडून. आधी माणूस ओळखायचा, मग त्याला पटेल असं बोलायचं. उघड पिणारे सोपे गं, ते भांडतात तरी. चोरून पिणारा हाती लागत नाही. बैठकीत तोच पुढे बसून मान डोलावतो.

असाच एक जण मागच्या महिन्यात बैठक संपल्यावर थांबला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात वेलदोडा. म्हणाला, "ताई, घरी समद्यांना वाटतं मी सुपारीबी खात न्हाई. सकाळी घेतल्याबिगर हाताचं कापणंच थांबत न्हाई. सुटंल का?" सुटेल म्हणाले, आणि कुणाला कळू देणार नाही असा शब्द दिला. शब्द दिल्याशिवाय इथे कुणी तोंड उघडत नाही. डॉक्टरांकडे मीच नेलं. औषध चालू आहे, पण अजून सुटलेली नाही.

काल बाबांनी तुला आलेल्या स्थळाचा, देवानंदचा, फोटो पाठवला. खाली लिहिलंय, 'निर्व्यसनी मुलगा, सुपारीसुद्धा खात नाही.' फोटो पाहता पाहता तव्यावरची भाकरी करपली. बाबांना अजून उत्तर दिलेलं नाही.

अक्षू, मला फार राग आलाय, या नोकरीचासुद्धा. बोलले तर माझ्यावर भरवसा टाकणाऱ्याचा घात, गप्प राहिले तर तुझा. इकडे आड, तिकडे विहीर. रात्रभर रडले.

पुढच्या रविवारी तो तुला बघायला येईल. दोघांना बोलायला बसवतील तेव्हा सरळ विचार, तुम्ही दारू पिता का? हो म्हणाला, तर त्याचं सगळं ऐकून घे, पण होकाराची घाई करू नकोस. नाही म्हणाला, तर तूही नाही म्हण. घरात कारण विचारतील. ताईला पसंत नाही म्हणून सांग, शिव्या मी खाईन.

मी तुला कुणाबद्दल काही सांगितलेलं नाही. वाचून झाल्यावर हे पत्र चुलीत घाल.

त्याची गुन्हेगार, पण तुझीच,
ताई