बाणाखालच्या ओळी

३ मार्च, सोमवार

फॉरमॅटर – कोडच्या ओळी नीट मांडून देणारा आमचा प्रोग्रॅम – काढून टाकायचा म्हणे! आमचा टीम लीड – त्याला आम्ही कात्री म्हणतो – मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला, "ज्यानं कोड नीट मांडायचा, तोच विस्कटतो. पुढच्या सोमवारी फैसला." तो फॉरमॅटर बाबांनी लिहिलाय, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही. मीही बोलले नाही. एवढंच म्हणाले, "सोमवारपर्यंत दुरुस्त करते."

भानगड बाणांची आहे. बाण म्हणजे कोडातली '->' ही खूण: एक माहिती घ्यायची आणि एकेका पायरीतून पुढे सरकवायची. माहिती बाणाशेजारी, पायऱ्या तिच्या बरोबर खाली, एकीखाली एक – तरच नजर सरळ उतरते. आमचा फॉरमॅटर पायऱ्या भलतीकडेच ढकलतो.

४ मार्च

जेवताना बाबांकडे विषय काढला.

"मी लिहिलं तेव्हा बाण कुणी वापरत नव्हतं."

"आता सगळे वापरतात, बाबा!"

"मग वापरणाऱ्यांनी बघावं." ताटावरून उठलेच. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? हट्टात तू तरी कुठे कमी आहेस!"

बरं. एकटी करीन.

६ मार्च

साधे बाण सरळ झाले! अटींचा बाण मात्र डोकं खातोय. त्यात अट आणि पायरी अशी जोडी असते, आणि माझा नियम जोडीची फारकत करतो.

७ मार्च

जोड्या जमल्या. आता बाणाच्या पोटात बाण – आणि सगळं मुसळ केरात. सोडणार नाही.

८ मार्च, शनिवार

एकदा चालवलं की एक मांडणी, त्याच कोडावर पुन्हा चालवलं की दुसरीच! सकाळभर डोकं आपटलं. दुपारी बाबा चहा घेऊन माझ्यामागे येऊन उभे. स्क्रीनवरचा कोड वाचला. मग –

"आतला बाण आधी मोजतेस?"

"तुम्हीच तसं लिहिलंय."

"गाढवपणा केलाय मी. सरक जरा." शेजारी बसले. "बाहेरची ओळ हलली की आतलं माप खोटं पडतं. आधी बाहेरचं बसव, मग आतलं मोज."

इतकं सोपं! त्यानंतर एका रिकाम्या जागेवरून आमचं कडाक्याचं वाजलं. शेवटी माझं ऐकलं. संध्याकाळी पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं – ओळ तसूभर हलेना. बाबा स्वतःशीच हसत होते.

१० मार्च

कात्रीनं स्वतः चालवून बघितलं. "झकास झालंय गं." मग मान खाली. "पण वरच्यांनी शुक्रवारीच दुसरा फॉरमॅटर ठरवला. मलाही आज कळलं."

घरी गेले. बाबांनी विचारलं, "काय झालं?" डोकं दुखतंय सांगून खोलीत आले.

११ मार्च

सांगून टाकलं. बाबा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. वळले तेव्हा म्हणाले, "त्या दुसऱ्यात घाल बघू आपले आतले बाण." घातले. दुसऱ्यांदा चालवताच तोही विस्कटला! बाबांनी बाह्या सरसावल्या – "चल. त्यांचाही दुरुस्त करून देऊ."