शेऱ्याच्या रकान्यात

बाबा, तुमची आवक नोंदवही परवा मी उघडली आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. उद्या अकरा वाजता रिठद गावच्या एक बाई येणार आहेत. त्या यायच्या आत एका कागदाबद्दल मला चार ओळी लिहून ठेवायच्या आहेत, आणि त्या काही केल्या लिहून होत नाहीत. म्हणून दुपारचा चहा निववून हे तुम्हाला लिहीत बसले आहे.

तुम्ही गेल्यावर वाशीमच्या ग्रंथालयाची, ग्रंथपाल असताना तुम्ही गावोगावचे जुने कागद जपलेत ती मागची खोली कितीतरी वर्षं कुलपात होती. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मी समितीकडून ती मागून घेतली आणि तुमच्या वेळी होती तशीच पुन्हा लावली. डाव्या भिंतीला घराण्यांचे रुमाल, खिडकीकडच्या मांडणीवर दुकानांचे, अडत्यांचे, कापसाच्या जिनिंगचे, आणि दारासमोरच्या लोखंडी कपाटात मंडळांचे, भजनी मंडळापासून शिक्षकांच्या संघटनेपर्यंत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, हे प्रत्येक नव्या माणसाला सांगावं लागतं. मग तो माणूस हमखास विचारतो, सगळ्या लग्नपत्रिका एकत्र का नाहीत, सगळी पत्रं तारखेप्रमाणे का नाही लावली? मी त्याला तुमचंच उत्तर देते, फक्त शाळेतल्या भाषेत. तुमच्या तोंडून ते जास्त शोभायचं. "कागदात काय लिवलं हाय ते मंग पाह्य. आंधी तो कोनाच्या घरचा हाय ते पाह्य. एक रुमाल म्हंजे एक घर. एका घरचं मानूस उठवून दुसऱ्याच्या घरात बसवू नोको." कापडसुद्धा तुम्ही त्या त्या घराचंच ठेवायचात. कोणाचं धोतर, कोणाचा फेटा, कोणाच्या लुगड्याचा तुकडा. जुनं कापड धुवायलासुद्धा देत नव्हता. म्हणायचात, कापडावरूनही घर ओळखू येतं.

हे सगळं तुम्ही मला सांगितलंत, पण उशिरा सांगितलंत. किंवा मी उशिरा ऐकलं.

मी अकोल्याच्या होस्टेलातून परीक्षा देऊन घरी आले होते. पोहरादेवीच्या यात्रेचे दिवस होते. मानोऱ्याकडच्या एका घरचे कागद आणायला तुम्ही गेलात आणि यात्रेच्या गर्दीत एसटी मिळेना म्हणून तीन दिवस तिकडेच अडकलात. इथल्या तुमच्या टेबलावर त्याच आठवड्यात आलेले दोन रुमाल पडलेले. एक जिनिंगच्या शेटजींचा, स्वच्छ धोतरात बांधलेला. दुसरा रिठदच्या वाचनालय मंडळाचा, विटक्या पांढऱ्या लुगड्याच्या तुकड्यात. कोणता कागद कोणत्या रुमालातला ते सांगणारे तुमचे पेन्सिलीचे आकडे कागदांच्या पाठीवर अजून पडायचे होते. मी चौदा वर्षांची, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या हाताखाली वाढलेली. आमच्या शाळेत नकाशांनासुद्धा नंबर असत आणि ज्या मुलीचं कपाट सगळ्यांत नीट तिला रविवारी गोळी मिळे. मला वाटलं, बाबांना चकित करावं. मी दोन्ही रुमाल सोडले, सगळे कागद तारखेप्रमाणे एकाखाली एक लावले, नव्या मांजरपाटाच्या कापडात बांधले आणि वर सुंदर अक्षरात चिठ्ठी लावली. धोतर आईला दिलं. लुगड्याचा तुकडा फारच विरलेला होता, त्यानं मी खोलीची फरशी पुसली.

तुम्ही येता. पायातली चप्पल काढता काढता थांबता. मी दारात उभी, कौतुकाची वाट पाहत. तुम्ही गाठोडं सोडता, वरचे पाच-सहा कागद उलटता, आणि टेबलाला धरून हळूच खाली बसता. "बाई," तुम्ही म्हणता, मला नेहमी बाई म्हणायचात तसं, "दोन घरं मोडले तुनं." एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. पुढे आठ दिवस तुम्ही कागदाची घडी, शाई, अक्षर पाहून पाहून एकेक वेगळा काढत होता. मला वाटलं, सगळं जागेवर गेलं. मला खरोखरच तसं वाटत होतं.

मागच्या आठवड्यात या रिठदच्या बाई आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता घरीच असतात. गावातलं वाचनालय नव्यानं बांधून झालंय, तिथे त्यांना आजोबांच्या हातचा एक कागद काचेत लावायचा आहे. आजोबा त्या मंडळाचे चिटणीस. आम्ही दोघींनी मंडळाचा रुमाल पाहिला, त्यात दुकानदारांच्या पावत्या, छापील पत्रकं, दुसऱ्यांची पत्रं. मग मला तुमच्या टेबलाच्या खणात वेगळा ठेवलेला एक अर्ज आठवला. शेटजींना लिहिलेला, सही नसलेला. पावसाळ्यात जिनिंगचं गोदाम रिकामं असतं, त्याचा एक कोपरा मिळाल्यास तिथे वर्तमानपत्र ठेवू, अशी विनंती. शेवटची ओळ, 'आम्हांस वाचावयाचे आहे.' बाईंनी तो दोन्ही हातांनी धरून खिडकीच्या उजेडाकडे नेला.

"हे आजोबाचंच अक्षर असन," त्या म्हणाल्या. "मंडळात लिवता येनारे ते एकटेच होते. पन आमच्या घरी त्यायचं दुसरं काहीच नाही, जुळवाव कशाशी?"

"बाकीचे कागद?"

"ते देल्लेच नाही ना! आजी सांगे, तिनं आपलं लुगडं फाडून पयलं गाठोडं बांधून देल्लं. दुसरं घेऊन आजोबा वाशीमले आले, त पाह्यतात काय, तिथल्या साहेबानं आपले कागदं शेटच्या कागदात कालवून ठुले. आजोबा म्हने, गावात आपल्याले वेगळं बसवतात, आन् इथं आपलं वेगळं असाव त तेही नाही. तसेच वापस गेले. मंग घरीच ठुले ते कागदं, आन् वाळवीनं खाल्ले." त्या हसल्या. "तुमी वयखत होत्या काय त्या साहेबाले?"

"हो," मी म्हटलं, "ओळखत होते." ते माझे वडील, हे न सांगताच मी अर्ज पुन्हा खणात ठेवला.

तुमच्या लक्षात येतंय ना बाबा, सगळं त्या अर्जाच्या घराशी अडलंय. तो मंडळाच्या रुमालातला असेल तर ती त्यांनी स्वतःकडे ठेवलेली प्रत, म्हणजे चिटणिसांचं अक्षर. जिनिंगच्या रुमालातला असेल तर पाठवलेला अर्ज, तो गावातल्या मास्तरांनी किंवा कोणीही लिहून दिलेला असू शकतो. कोणत्या गाठोड्यात कुठे होता, हे ठाऊक असणारं जगात एकच माणूस आहे, आणि तिनं त्या दिवशी फक्त तारीख वाचली होती. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "द्या ना मॅडम लिहून, आजोबांचं आहे म्हणून. कोनाचं काय जाते?" खोली झाडणारी आमची मावशी तर माझ्याकडे पाहून हसते. "तुमी सकाळपासून तेच पान पाहून राह्यल्या. पान काय पळून जाते?"

पान तुमच्या नोंदवहीचं आहे. अर्जाचा शोध घेताना उघडलं. कोणाकडून, कोणी आणलं, कोणत्या कापडात, सगळे रकाने तुमच्या त्या बारीक अक्षरात भरलेले. कापडाच्या रकान्यात 'पांढरे लुगडे, चिटणिसांच्या कुटुंबाचे.' आणि शेऱ्याच्या रकान्यात, 'दोन्ही रुमालांचा क्रम माझ्या हातून बिघडला. एक अर्ज कोणाचा ते सांगता येत नाही.' खाली तुमची सही.

माझ्या हातून. बाबा, दुसऱ्याच्या कागदातला स्वल्पविरामसुद्धा तुम्ही कधी हलवला नाहीत, आणि तुमच्या वहीत तुम्ही हे लिहून ठेवलंत. मला जपण्यासाठी लिहिलंत, हे कळायला मला नोंदवही लागायला नको होती. कारण तो दिवस मला आठवतो. दारात पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस उभा आहे, काखेत गाठोडं. तुम्ही त्याच्यापुढे हात जोडलेले. मी खोलीला लागून असलेल्या आपल्या स्वयंपाकघरातून चहाचे दोन कप घेऊन आले आणि पडद्याआडच थांबले. "माह्या हातानं गफलत झाली, दादा," तुम्ही म्हणालात. तो माणूस मागे फिरला. जाताना त्यानं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं, एवढं दिसलं. दोन्ही कप मी मोरीत ओतले. आईनं विचारलं, "काय झालं वं?" मी म्हटलं, काही नाही.

त्या घरात इतकी वर्षं तुमचं नाव 'कागद कालवणारा साहेब' असं आहे. मी एक वाक्य बोलले असते तर कदाचित ते दुसरं गाठोडं आज मंडळांच्या कपाटात असतं, आणि या बाईंना एका बिनसहीच्या कागदापाशी उभं राहावं लागलं नसतं. अध्यक्ष म्हणतात तसं लिहून दिलं तर बाई आनंदानं घरी जातील. पण ते म्हणजे पुन्हा एक कागद उठवून मला हव्या त्या घरात बसवणं. आणि खरं लिहायचं तर तुम्ही माझ्यावर घातलेलं पांघरूण मलाच ओढून काढावं लागतं. बाईंचा चेहरा कसा होईल? लुगड्याचं त्या विचारतीलच. फरशी पुसली, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

नोंदवहीत खाडाखोड करायची नाही, खाली तारीख घालून नवी ओळ लिहायची, हा तुमचाच नियम. तुमच्या सहीखाली दोन बोटं जागा उरली होती. आज दुपारी मी तिथे लिहिलं, की क्रम ग्रंथपालांनी नव्हे, त्यांच्या मुलीनं बिघडवला, कापडही तिनंच टाकलं, आणि अर्ज कोणत्या रुमालातला होता ते तिलाही आठवत नाही. बाईंसाठीच्या चिठ्ठीतही हेच लिहीन म्हणते. नोंदीखाली सहीसुद्धा केली. हे पत्र मात्र मी कोणत्याच रुमालात ठेवणार नाही, कारण याचं घर कोणतं ते मलाच कळत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. ती ओळ मी पेन्सिलीनं लिहिली आहे. जुन्या कागदांजवळ शाई न्यायची नाही, असं तुम्ही म्हणायचात, तेच मी मावशीला सांगितलं. पण नोंदवही तुम्ही नेहमी शाईनंच लिहायचात. खोडरबर अजून टेबलावर आहे, बाबा, आणि उद्याचे अकरा वाजायचे आहेत.