बारूदला घेऊन कोल्ह्याच्या खिंडीत

३ एप्रिल

घोडा आला!

बुअज्जा — माझा धाकटा दीर — मेकनेस शहराच्या बाजूने ट्रकमधून घेऊन आला. फळी पाडली, तर हा खाली यायलाच तयार नाही. "वहिनी, तूच बघ बाई. माझा तर पार घाम काढला ह्यानं." मी दोरी सैल सोडली आणि पाठ फिरवून चालू लागले. मागून टापा आल्या. दोन वर्षांनी माझ्या मागे टापा! मान वळवून पाहायचा धीर होईना.

सब्जा आहे, पांढऱ्यावर राखाडी झाक, सात वर्षांचा, मानेने जाड, छातीने रुंद. पाच वर्षं जत्रांत बंदुकीच्या खेळात धावलाय. आरोळी ठोकली की रांगेत भरधाव सुटायचं, बार उडाला की जागच्या जागी थांबायचं. एवढंच त्याला येतं. डोंगर पाहिलेला नाही. नाव बारूद.

सासूबाई दारात टेकून बघत होत्या. "घोडा आणलास की नवरदेव गं इत्तो? अर्धं गाव अंगणात उभं आहे."

५ एप्रिल

नुसता खरारा केला. बोलले नाही त्याच्याशी.

८ एप्रिल

लिहून ठेवते, म्हणजे मागे हटता येणार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोल्ह्याची खिंड. चार दिवस. देवदारांच्या जंगलातून वर, खिंड ओलांडून पठारावर, मग तलावाच्या अंगाने परत. मी आणि बारूद, बाकी कुणी नाही.

पंधरा वर्षं माझा नवरा हद्दू आणि मी परदेशी पाहुण्यांना घोड्यांवरून फिरवत होतो. लांबच्या वाटा त्याच्या. तळावरची चूल आणि घोड्यांची निगा माझी. दोन वर्षांमागे नोव्हेंबरात तो तझीरीला — आमच्या कुमैत, तांबूस-काळ्या घोडीला — घेऊन गेला. खिंडीत बर्फ किती पडलंय ते बघून येतो म्हणाला. चौथ्या दिवशी तझीरी एकटी परत आली. पाठीवर रिकामं खोगीर. पाचव्या दिवशी हद्दू आला, पलीकडच्या रस्त्याने, गाडीत, चादरीखाली. बुअज्जाच गेला होता आणायला. डोक्याला खोक होती. घोडीने पाडलं, गाव म्हणालं. मीही म्हणाले. सगळ्यांच्या आधी मी म्हणाले.

बुअज्जाला सांगितलं, हिला ने, कुठेही विक, मला पुन्हा दिसता कामा नये. मग एकेक करून बाकीचे घोडेही गेले.

ती जागा मी पाहिलेली नाही. कान शांत होत नाहीत माझे. भाकरी भाजताना, विहिरीवर, भर बाजारात — चार टापा येतात आणि फाटकाशी थांबतात. फाटकाशी कुणी नसतं.

१४ एप्रिल

आज हसू आलं स्वतःचंच.

बारूदवर बसून ओढ्यापर्यंत गेले. पलीकडे बुअज्जा मेंढ्यांना पाणी पाजत होता. त्याला हात उंच करून हाक मारली — झालं! ह्याला वाटलं खेळ सुरू झाला. उधळला सरळ! मी त्याच्या आयाळीला लटकलेली, आणि समोर शेताचा दगडी बांध. तिथे कुणाच्या तरी मोटारीने फाडकन आवाज केला आणि हा खांबासारखा उभा. मी त्याच्या मानेवरून पुढे, थेट जवाच्या शेतात.

बुअज्जा धावत आला तो पांढराफटक. "वहिनी! वहिनी, बोल काहीतरी!" मी हसत होते. तो हसला नाही. हात धरून उठवलं आणि बराच वेळ हात सोडला नाही.

बारूद तिथेच उभा, कान ताठ, शाबासकीची वाट बघत.

१९ एप्रिल

नालबंद बासू आला. खूर उचलून बघितला आणि जीभ टाळ्याला लावून च्क् केलं. "बाई, हे खूर आहेत की शहरातल्या बायकांच्या टाचा? मऊ मातीत नाचलाय हा. खिंडीतला दगड ह्याला दोन दिवसांत लंगडा करील." चारही पायांना जाड नाल ठोकले. मागचे पाय त्याने आजवर कुणाला दिले नसावेत. दोनदा लाथ झाडली. बासूने आईबहिणीवरून पाच पिढ्यांचा उद्धार केला, पण हात हलका ठेवला.

जाताना म्हणाला, "रोज थोडं थोडं वाढव. एक तास, मग दोन. घोडा दमत नाही, त्याचं काळीज दमतं. थांबलीस की छातीला कान लाव आणि ठोके मोज."

लावला कान. मोजायचं राहूनच गेलं.

२४ एप्रिल

तीन तास. ओढा ओलांडला! बाराव्या प्रयत्नात.

२ मे

खोगिराचा प्रश्न. हद्दूचंच आहे, दुसरं नाही. बारूदची पाठ रुंद, ते मागे घसरतं. खाली लोकरीची जाड घडी शिवून घातली, पोटाखालचा तंग नवा लावला. आज चार तासांनी उतरवलं तेव्हा पाठीवरचा घाम सगळीकडे सारखा होता. म्हणजे बसलं.

आणि मग दिसलं की रिकिबी अजून त्याच्याच मापाच्या आहेत. महिनाभर मी पाय लोंबकळत ठेवून बसतेय आणि माझ्या ध्यानातही आलं नाही! चामड्यावर त्याच्या बकलाची खूण खोल रुतलेली. चार भोकं वर घेतल्या. सासूबाई बघत होत्या. उगाच मोठ्याने कोंबड्यांना शिव्या द्यायला लागल्या.

११ मे

आज जंगलात. सहा तास. चढावर उतरून चालले, तो मागे. आता दगड बघून पाय टाकतो, घाई करत नाही. वाटेत माकडांनी फांद्या हलवल्या तरी उधळला नाही. वर पोचल्यावर पाच मिनिटांत श्वास जागेवर! फार गुणाचा आहे.

मोठ्या देवदाराशी मात्र थांबला. पुढे जाईना. कान वाटेकडे, नाकपुड्या फुललेल्या. मग खिंकाळला, लांब, पोटातून, ओळखीच्या जनावराला घालावी तशी साद. वाटेवर कोणी नव्हतं. भर दुपार. ऊन सरळ खाली येत होतं.

मी म्हणाले, "कोण आहे रे?" आणि माझाच आवाज ऐकून अंगावर काटा आला. उत्तर येईल म्हणून थांबले की काय मी! थांबले होते.

१८ मे

बुअज्जाशी भांडण.

चहाला आला होता. ग्लास हातात नुसता फिरवत बसला. मग म्हणाला, "जायचंच असेल तर तलावाच्या बाजूनं जा. दोन्ही वेळा तलावाच्या बाजूनं. खिंड कशाला?"

"खिंडीसाठीच चाललेय."

"मग मी येतो सोबत."

"नको."

"वहिनी, ऐक जरा. त्या वेळचं एक तुला सांगायचं राहिलंय. तझीरीचं..."

मी ग्लास आपटला. "त्या घोडीचं नाव काढायचं नाही ह्या घरात. दोन वर्षांपूर्वी सांगितलंय तुला. काढायचं असेल तर हा उंबरा चढू नको."

उठला. चपला घालताना सासूबाई म्हणाल्या, "इत्तो, तोंडाला जरा लगाम घाल. त्याचाही भाऊच गेलाय."

रात्री जेवले नाही. त्याही जेवल्या नाहीत.

२९ मे

खुर्जी — खोगिराच्या दोन्ही अंगांची पिशवी — भरून, सगळं वजन घालून आठ तास. जव, तोबरा, घोंगडी, दोर, नालांचे खिळे, हातोडी, मलम. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं, नाहीतर पाठ सोलते. हे हद्दूने कधी शिकवलं नाही, मीच त्याला शिकवलं होतं. मग लांबच्या वाटेवर मी एकदाही का गेले नाही? त्याने कधी अडवलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

आज त्या फाटकाशी थांबणाऱ्या टापा ऐकू आल्या नाहीत. दिवसभर नाही. त्याचंच वाईट वाटलं.

३ जून

उद्या. सासूबाईंनी जवाच्या भाकरी, खजूर, तुपाचं डबडं बांधून दिलं. बारूदच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटल्या आणि मग मोठ्याने — "ए जत्रेतल्या नाच्या, हिला पाडलंस ना, तर तुझं कातडं काढून जोडे शिवीन."

आणि मला, आत गेल्यावर, हळूच: "बघून आलीस की मला सांग. तिथं सावली आहे का, एवढंच सांग."

४ जून

पहिला मुक्काम, जंगलाच्या वरच्या कडेला झऱ्याशी. नऊ तास. बारूदच्या पाठीवर सूज नाही, नाल घट्ट. पाणी पोटभर प्यायला. माझ्या मांड्या मात्र पेटल्यात! उजेड आहे तोवर लिहितेय. वरती खिंड दिसते. घरातल्या उंबऱ्याएवढी. इतकी लहान?

६ जून

काल लिहिता आलं नाही.

खिंडीच्या खाली, ह्याच बाजूला, काळ्या लोकरीचा तंबू होता. कुत्री अंगावर आली. एक म्हातारी मेंढपाळीण बाहेर आली, फादमा. ताक दिलं. खोगिराकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "तू त्या घोडीवाल्याची का गं?"

हो म्हणाले. ती माझ्या आधी चालू लागली. चालतच सांगत होती.

"मी त्या समोरच्या उतारावर होते. तो घोडीवर नव्हता, चालत होता, लगाम हातात. छातीला हात लावला. वाकला. मग असा सरळ पुढे पडला, त्या दगडावर. हाका मारल्या, पण मधे दरी, आणि वरून बर्फ उतरलं. सकाळी पोचलो तोवर गार झाला होता."

मी विचारलं, "घोडीनं पाडलं ना?"

ती थांबली. "पाडलं? अगं, घोडी तर कुणाला जवळ येऊ देईना! माझ्या नवऱ्याचा दंड फोडला चावून. आमची कुत्री लाथाडली. नवरा खाली वर्दी द्यायला गेला, शिपाई यायला तिसरा दिवस उजाडला. तोवर ही त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना अशी चार पाय रोवून उभी. चारा नाही, पाणी नाही. बर्फ चाटायची. शेवटी दगड मारून हाकलली, तेव्हा कुठं माणूस उचलता आला. दरीत लांबवर तिचं ओरडणं येत होतं. तुझ्या दिराला सगळं सांगितलं होतं की मी. त्यानं सांगितलं नाही?"

जागेवर सावली नाही. एक चपटा दगड, थोडं गवत. बारूद गवत खाऊ लागला. मी किती वेळ बसले ठाऊक नाही. फादमा निघून गेली आणि भाकरी घेऊन परत आली.

खिंडीच्या माथ्यावर फोन लागतो. बुअज्जाला लावला.

"कुणाला विकलीस तझीरी?"

"विकली नाही वहिनी. कशी विकू? तामरिश्तला आहे, माझ्या सासुरवाडीला. दहादा सांगायला आलो. तू नावच काढू देईनास. म्हणून म्हणत होतो, त्या वाटेनं जाऊ नको. अचानक समोर आली असती तर..."

मी फोन ठेवला. तामरिश्त खिंडीच्या पलीकडे, अर्ध्या दिवसाचा उतार.

७ जून

तामरिश्त. दुपारी पोचले. तझीरी जिवंत आहे. म्हातारी झालीय, बरगड्या दिसतात, कपाळावरचे केस पांढरे.

मी हाक मारली. तिने मला ओळखलं. कान मागे पाडले आणि सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली. सगळं अंग थरथरत होतं.

ह्या वहीत एक गोष्ट मी लिहिलेली नाही. ती परत आली त्या दिवशी, अंगणात कुणी यायच्या आधी, मी तिला लगामाने मारलं होतं. तोंडावर. हात दुखेपर्यंत. ती जागची हलली नव्हती.

बारूदचं खोगीर उतरवलं. घरातली माणसं विचारतात, परत कधी निघणार. म्हटलं, तझीरीला विचारा.